विहिरीतलं कासव, नळाचं पाणी

१९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरींवर एकाएकी संशयाची नजर वळली. तोवर हिवताप म्हटलं की दलदल, खाडी, साचलेली डबकी असंच डोळ्यांपुढे येत असे. बेंटलींनी दाखवलं की मुंबईत हिवताप वाहून नेणारा ‘अॅनोफेलिस स्टिफेन्सी’ हा डास घराच्या मागच्या अंगणातल्या, देवळाच्या आवारातल्या, अग्यारीतल्या स्वच्छ पाण्याच्या विहिरींत सुखाने वाढतो. मग विहिरी बुजवा, नाहीतर त्यांना डास शिरणार नाही असं झाकण बसवा, असा आग्रह महापालिकेने धरला. गिरगाव, काळबादेवी, फोर्ट या भागांतल्या घरमालकांना हा मोठा धक्का होता. ज्या पाण्यावर पिढ्या जगल्या, ते पाणी सरकारी कागदावर आजाराचं कारण ठरलं होतं.

या झाकणांखाली काय काय गेलं, याचा विचार क्वचितच होतो. विहीर म्हणजे नुसता पाण्याचा साठा नव्हता. तिच्या दगडी जोत्यांच्या फटींत बेडूक असत, पारवे असत, कधी दिवड येऊन राही, मासे असत. आणि पुष्कळ ठिकाणी मुद्दाम आणून सोडलेलं एखादं कासव असे.

विहिरीत कासव सोडायची रीत कोकणात आहे, देशावर आहे, आणि महाराष्ट्राबाहेरही ती आढळते. त्यामागचा समज साधा होता : कासव पाणी निर्मळ ठेवतं. बहुतेक वेळा ते मऊ पाठीचं, इंग्रजीत ‘फ्लॅपशेल’ म्हणतात त्या जातीचं कासव असे. तळी, ओढे, भातखाचरं यांतून ते सहज सापडे. कवचाच्या मागच्या बाजूला त्याला दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या मिटतात. पाणी आटलं तर चिखलात गाडून घेऊन ते कोरडे महिने काढू शकतं. त्यामुळे उन्हाळ्यात तळ दिसू लागलेल्या विहिरीतही ते टिकून राही. शिवमंदिरात नंदीजवळच्या फरशीत कोरलेलं कासव पाहत वाढलेल्या माणसाला घरच्या विहिरीतलं जिवंत कासवही पवित्रच वाटे. त्याला कुणी मारत नसे, खात नसे, बाहेरही काढत नसे. आजच्या अर्थाने त्याला पाळीव प्राणी म्हणता येणार नाही, पण ते घरचं होतं.

हा समज कितपत खरा? अर्धा. फ्लॅपशेल कासव मिश्राहारी आहे. गोगलगायी, किडे, बेडूक, मेलेले मासे, पाणवनस्पती असं सगळं ते खातं. विहिरीत पडून कुजणारं काहीबाही त्याच्या पोटात गेलं की पाण्याला घाण वास येत नाही, हे निरीक्षण बरोबर होतं. पण कासव त्याच पाण्यात मलमूत्रही करतं. पटकीच्या जंतूंवर त्याचा काही इलाज चालत नाही. ज्या सूक्ष्म जलपिसवांमधून नारूचा रोग माणसाच्या पोटात शिरे, त्या जलपिसवांचाही ते बंदोबस्त करू शकत नाही. डासांच्या अळ्यांच्या बाबतीत तर छोटे मासे कासवापेक्षा किती तरी उपयोगी. म्हणूनच पुढे हिवतापविरोधी मोहिमांनी विहिरींत गप्पी मासे सोडले, कासवं सोडली नाहीत. डोळ्यांना दिसणारी घाण कासव काढत होतं. न दिसणाऱ्या घाणीची कल्पनाच त्या काळी कुणाला नव्हती.

तरीही त्या रीतीत एक शहाणपण होतं, आणि ते नीट पाहायला हवं. पाणी चांगलं की वाईट, हे त्यात जगणाऱ्या जिवावरून ओळखायचं, अशी ती दृष्टी होती. कासव वर येऊन श्वास घेताना दिसलं की पाणी ठीक. बेडूक, मासे, कासव यांपैकी काही मेलेलं तरंगताना दिसलं की ते पाणी प्यायचं नाही. रसायनशाळा नसलेल्या काळात ही परीक्षा टाकाऊ नव्हती. आजही पाण्यातल्या जिवांची गणती करून नदीचं आरोग्य मोजणारे शास्त्रज्ञ आहेत.

गिरगावात ही विहीर-संस्कृती रुजायला जमीन तशीच होती. चौपाटीमागच्या रेताड पट्ट्यात पावसाचं गोडं पाणी मुरून राही आणि थोड्या खोलीवर लागे. आजची वाड्यांची नावं वाचली तरी जुनं गिरगाव डोळ्यांपुढे उभं राहतं : फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. चाळी उठण्याआधी इथे नारळाच्या आणि फळझाडांच्या बागा होत्या. बाग म्हटली की विहीर आली, रहाट आला, पाट आले. पुढे बागेच्या जागी चाळ झाली तेव्हा झाडं गेली, विहीर मात्र बहुधा राहिली, कारण चाळीतल्या बिऱ्हाडांना पाणी लागतच होतं. त्या बिऱ्हाडांतली बरीचशी कोकणातून आलेली. विहिरीशी कसं वागायचं, पहिल्या पाण्याची पूजा कशी करायची, विहिरीवर चपला घालून का जायचं नाही, हे सगळं त्यांनी बरोबरच आणलं होतं.

या पाण्याची कीर्ती इतकी होती की १८३१ साली फ्रामजी कावसजी बानाजी या पारशी शेटजींनी गिरगावात मुगभाटातल्या आपल्या बागेतल्या विहिरींचं पाणी दाट वस्तीच्या भागाला देण्याची सोय केली. मुंबईला धरणाचं पाणी मिळण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, गिरगावच्या जमिनीतलं पाणी दुसऱ्या वस्तीची तहान भागवत होतं. धोबीतलावाच्या तळ्याच्या दुरुस्तीसाठीही फ्रामजींनी पैसा दिला. ते तळं बुजल्यावर त्याच जागी त्यांच्या नावाची इमारत उभी राहिली. गिरगावच्या कडेचा सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांनी १७७५ मध्ये बांधलेला तलाव. तोही बुजला, नाव तेवढं बसच्या पाटीवर उरलं. गोवालिया टँकचं पुढे मैदान झालं आणि १९४२ मध्ये तिथून ‘चले जाव’ची हाक गेली. गोड्या पाण्याची ही तळी म्हणजे मासे, बेडूक, कासवं यांची हक्काची जागा. शहराने ती एकामागून एक भरून काढली.

तळ्यांचं आणि विहिरींचं पाणी पुरेनासं झालं होतं, हेही खरंच. १८५४ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा मुंबईत हाहाकार झाला. पाणी वाचवण्यासाठी गुरं शहरवस्तीतून माहीमकडे हलवावी लागली. बाहेरून पाणी आणून विहिरींत ओतण्याची पाळी आली. त्यातूनच हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेला जोर मिळाला. मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये तलाव पुरा झाला. पुढे तुळशीचं पाणी १८७९ मध्ये आणि तानसाचं १८९२ मध्ये आलं. मलबार हिलवर टेकडीच्या पोटात जलाशय बांधून त्याच्यावर हँगिंग गार्डनची बाग केली गेली. तिथून उतारावर गिरगावच्या नळांना पाणी मिळू लागलं. आजही मिळतं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. ज्या विहार तलावाने मुंबईला पहिलं नळाचं पाणी दिलं, त्या तलावात मगरी आहेत. पवई आणि तुळशी तलावांतही आहेत. गोड्या पाण्यातल्या, आपल्या नद्यांमध्ये सापडतात त्याच जातीच्या. म्हणजे गिरगावकराने विहिरीतल्या कासवाचं पाणी सोडून नळाचं पाणी तोंडाला लावलं, तेव्हाही त्या पाण्याच्या उगमाशी एक सरपटणारा प्राणी पहुडलेला होताच. फरक इतकाच, की आता तो दिसत नव्हता. पाण्यातला जीव आणि पाणी पिणारा माणूस यांच्यामध्ये मैलोगणती लोखंडी नळ आला होता, आणि पाण्याची पारख करण्याचं काम घरातल्या बाईकडून निघून इंजिनिअरकडे आणि डॉक्टरकडे गेलं होतं.

नळ आला म्हणून विहिरी लगेच सुटल्या नाहीत. विहिरीचं पाणी थंड, चवीला बरं, पूजेला शुद्ध, अशी भावना खोलवर होती. बेंटलींच्या अहवालानंतर जो विरोध झाला त्याचं मूळ तिथेच आहे. पारशी समाजाला धार्मिक विधींसाठी उघड्या, सूर्यप्रकाश पोचणाऱ्या विहिरीचं पाणी हवं होतं. हिंदूंच्या दृष्टीने विहिरीत जलदेवता होत्या, मूळपुरुष होते, नवस बोलायची ठिकाणं होती. त्या वेळी महापालिकेचे चिटणीस असलेले आणि पुढे पहिले भारतीय महापालिका आयुक्त झालेले रुस्तुम पेस्तनजी मसानी यांनी या सगळ्या समजुती गोळा केल्या आणि १९१८ साली ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हे पुस्तक काढलं. महापालिकेच्या अधिकाऱ्याने विहिरी बंद करण्याच्या वादातून लोकांची श्रद्धा समजून घेण्याइतका धीर धरावा, हे त्या काळी दुर्मीळच होतं. आजच्या प्रशासनालाही त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. अनेक ठिकाणी तडजोड निघाली ती बारीक जाळीची : विहिरीवर जाळीचं झाकण, पाणी काढायला झडप. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर अशा श्रद्धेच्या बळावर आजही जिवंत आहे.

पण ज्या विहिरींवर पक्की फरशी पडली, त्यांतल्या कासवांची रीत आपोआप संपली. कासवाला फुप्फुसं असतात. त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते. अंगावर ऊन घ्यायला पायरी लागते. खायला पडणारे किडे आणि वाढणारं शेवाळ लागतं. बंद विहिरीत यातलं काही उरत नाही. हिवतापाशी लढताना ही किंमत मोजणं भागच होतं, यात वाद नाही. त्या झाकणांनी माणसं वाचवली.

गिरगावचा सरपटणाऱ्या प्राण्यांशी दुसरा संबंध त्याआधीच जुळला होता, आणि तो अभ्यासाचा होता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक. त्या समाजाचं मंदिर गिरगावात उभं राहिलं आणि चौकालाही तेच नाव पडलं. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे जाणकार. या संस्थेच्या नियतकालिकातून सापांवर सातत्याने लिहिलं गेलं. फ्रँक वॉल यांची भारतातल्या सामान्य सापांवरची दीर्घ लेखमाला तिथेच आली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून असलेल्या आणि १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालेल्या संस्थेत पुढे सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होऊ लागलं. त्यासाठी साप पाळणं, जगवणं, त्यांना निरोगी ठेवणं हे रोजचं काम झालं. तिथल्याच डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ लिहिलं.

आणि तरीही, याच शहरात, याच वर्षांत, श्रावण आला की गारुडी टोपली घेऊन चाळींच्या जिन्यांवरून फिरत असत. बायका वाटीत दूध आणत, हळद-कुंकू वाहत, आणि नाग त्या वाटीत तोंड घाली. सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असे. नाग दूध पितो, याला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

नाग दूध पितो, कारण त्याला दिवसेंदिवस पाणी मिळालेलं नसतं. सापाचं पाणी पिणं साधं असतं : ओठ पाण्याला टेकवायचे आणि जबड्याच्या हालचालीने पाणी आत ओढायचं. तहानलेल्या सापापुढे जे पातळ येईल ते तो तसंच ओढतो. दुधातली साखर पचवायची यंत्रणा त्याच्या पोटात नाही. दूध पाजणारी आई त्याच्या कुळात कधी नव्हतीच. टोपलीत कोंडलेला, दात काढलेला, तहानेने व्याकूळ नाग दूध पिऊन पुष्कळदा काही दिवसांत मरे. ती वाटी भक्तीने भरलेली होती, यात शंका नाही. त्या बायकांना कुणी खोटं ठरवू नये. पण त्या नागाला पाण्याची वाटी मिळाली असती तर तो जगला असता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणं आणि बाळगणं गुन्हा ठरलं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या पूजेवर २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे निर्बंध आले. गिरगावातल्या गारुड्यांच्या फेऱ्याही हळूहळू विरत गेल्या.

विहिरीतलं कासव आणि वाटीपुढचा नाग यांना एक धागा जोडतो. दोन्ही वेळा माणसाने आपल्याला जे उत्तम वाटलं ते प्राण्यापुढे ठेवलं. विहिरीचं पाणी माणसाला अमृत वाटे, आणि योगायोगाने ते कासवालाही मानवणारं होतं. दूध माणसाला अमृत वाटे, ते नागाला मानवणारं नव्हतं. प्राणी पितो म्हणजे त्याला ते चांगलं, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो अजूनही घरोघरी काढला जातो.

प्राण्याच्या बाजूने पाण्याचा विचार गिरगावात सर्वांसमोर मांडला तो मत्स्यालयाने. चर्नी रोड स्टेशनसमोर, मरीन ड्राइव्हच्या कडेला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. विकाजी तारापोरवाला यांनी त्यासाठी २ लाख रुपयांची देणगी दिली होती. गिरगावच्या, दादरच्या, लालबागच्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत इथे पहिल्यांदा समुद्री कासव जवळून पाहिलं. इथे गोड्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या, खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या असत. मुलांना तेवढ्यावरून एक गोष्ट कळे, की कासव-कासवात फरक आहे. समुद्री कासव खारं पाणी गिळतं आणि जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. वाळूवर अंडी घालायला आलेल्या कासविणीच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी ते हेच. गोड्या पाण्यातल्या कासवाकडे असली सोय नाही. त्याला समुद्राच्या पाण्यात ठेवलं तर त्याच्या अंगातलं पाणी कमी होत जातं. २०१५ मध्ये नव्या काचबोगद्यासह मत्स्यालय पुन्हा उघडलं, तेव्हाही रांगा लागल्या होत्या.

घरात मात्र कासव आलं ते वेगळ्या वाटेने. क्रॉफर्ड मार्केटच्या पक्षी-प्राण्यांच्या गाळ्यांत, रंगीत माशांच्या दुकानांत, पाच रुपयांच्या जुन्या नाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली पिल्लं विकायला येऊ लागली. ही ‘रेड इअर्ड स्लायडर’, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातली. देशी कासवं पाळायला कायद्याने बंदी, म्हणून बाजाराने परदेशी आणलं. घरात समृद्धी येते, वास्तुदोष जातो, असंही विकताना सांगितलं जातं. विहिरीतल्या कासवाचं पुण्य नकळत प्लॅस्टिकच्या टबातल्या कासवाला चिकटलं.

आणि त्या टबात घातलं गेलं नळाचं पाणी.

हे पाणी मसानींच्या काळातलं राहिलेलं नव्हतं. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ साली पिण्याच्या पाण्यात कायमचं क्लोरीन घालायला सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर पसरली. मुंबईचं पाणी आज तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा अशा सात तलावांतून येतं. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत ते गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळलं जातं. घरापर्यंत पोचताना नळात जंतू वाढू नयेत म्हणून थोडं क्लोरीन शिल्लक राहावं अशी काळजी घेतली जाते. माणसाच्या पोटासाठी ही फार मोठी देणगी आहे. पटकीच्या साथी यामुळेच विस्मृतीत गेल्या.

माशाच्या कल्ल्यांना मात्र हे क्लोरीन थेट जाळतं. कासव फुप्फुसांनी श्वास घेत असल्याने तितक्या लवकर दगावत नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. कासव जिवंत आहे, पोहतंय, खातंय, म्हणजे पाणी ठीक आहे असं घरचे धरून चालतात. पण क्लोरीनने त्याचे डोळे आणि कातडी चुरचुरते. टाकीला फिल्टर असेल तर त्यातले घाण पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात आणि पाण्यात अमोनिया साचत जातो. शिवाय कासव अन्न पाण्यात बुडवूनच गिळतं, तेच पाणी पितं आणि तिथेच मलमूत्र करतं. त्याच्यासाठी पिण्याचं पाणी, अंघोळीचं पाणी आणि मोरी एकच असते. त्यामुळे पाणी कुठलं आणलं याइतकंच, किती दिवस ठेवलं हेही महत्त्वाचं. डोळे सुजलेली, पापण्या मिटून बसलेली स्लायडरची पिल्लं प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेहमी येतात. कारणं बहुधा दोन असतात : घाण पाणी आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव.

गिरगावच्या चाळीत यावरचा उपाय फार पूर्वीपासून घरात होता, कुणी त्याला उपाय म्हणत नसे इतकंच. नळाला ठरावीक वेळीच पाणी येई, म्हणून मोरीजवळच्या पिंपात ते भरून ठेवायचं आणि दिवसभर वापरायचं. रुंद तोंडाच्या पिंपात चोवीस तास उघडं राहिलेलं पाणी पुष्कळसं क्लोरीन सोडून देतं. चाळीतल्या ज्या घरांनी काचेच्या भांड्यात मासे पाळले आणि पिंपातलं शिळं पाणी घातलं, त्यांचे मासे जगले. टॉवरमध्ये चोवीस तास नळ वाहू लागला, तिथे ताजं पाणी थेट टाकीत पडू लागलं आणि दुकानातून क्लोरीन मारणाऱ्या थेंबांची बाटली आणावी लागली. दोन्ही मार्ग चालतात. मात्र जिथे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, अशा परदेशी शहरांत नुसतं शिळं पाणी पुरत नाही, तिथे थेंबच हवेत. न्यू जर्सीत किंवा लंडनात कासव पाळणाऱ्या मराठी घरांनी आपल्या पाणीपुरवठा कंपनीला हे विचारून घ्यावं.

जुन्या घरातल्या बाकीच्या सवयी मात्र जशाच्या तशा उचलू नयेत. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की त्यात तुरटी फिरवायची, हे माणसासाठी ठीक. तुरटीने पाण्याची आम्लता बदलते, म्हणून कासवाच्या टाकीत ते नको. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पूजेला चालेल, पण तांबं पाण्यातल्या लहान जिवांना विषारी ठरतं. जवळपासच्या विहिरीचं किंवा टँकरचं पाणी समुद्रकाठच्या या भागात मचूळ असू शकतं. ते धुण्या-पुसण्यापुरतं ठेवावं. आरओचं पाणी विष नाही, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि मोठ्या टाकीसाठी ते वाया घालवणंच आहे. नळाचं, क्लोरीन उडालेलं, खोलीच्या तापमानाचं पाणी, रोज अन्नाचे तुकडे काढून आणि नेमाने बदलून : एवढं स्लायडरला पुरतं. पाणी निदान कवचाच्या रुंदीहून खोल असावं, म्हणजे उलटं पडलं तर त्याला सरळ होता येतं. बाहेर येऊन ऊन खायला कोरडी जागा असावी. इग्वाना किंवा गेको यांसारखे सरडे पाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की यांतले काही वाटीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पानांवर फवारलेले थेंब चाटून ते तहान भागवतात. वाटी भरलेली आहे म्हणून तो प्यायला, असं समजलं की तो हळूहळू सुकत जातो.

चाळीच्या घरात आणखी एक जपायला हवं. कासवाचा टब आणि जेवणाची भांडी एकाच मोरीत धुतली जातात. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांचा त्याला त्रास होत नाही, लहान मुलाला मात्र मोठा होऊ शकतो. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. टब धुवायला वेगळी जागा, नाहीतर निदान वेगळी वेळ, आणि नंतर साबणाने हात.

स्लायडर काही पिल्लू राहत नाही. मादी फूटभरापर्यंत वाढू शकते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं सहज जगते. मग टब पुरत नाही, पाणी रोज घाण होतं, वास येतो. अशा वेळी जुनी आठवण चुकीच्या दिशेने जागी होते : विहिरीत सोडू, देवळाच्या तळ्यात सोडू, पुण्यही लागेल. हे मात्र कुणी करू नये. ही जात जगातल्या सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या शंभरांच्या यादीत आहे. जिथे सोडाल तिथे ती देशी फ्लॅपशेलचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, आजार पसरवते. आणि उलट बाजूने, ओढ्यातलं देशी कासव आणून विहिरीत सोडणंही आता गुन्हा आहे. फ्लॅपशेल आणि स्टार कासव दोन्ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम आले आहेत.

कासव आजारी पडलं तर डॉक्टरांसाठी गिरगावहून फार लांब जावं लागत नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय १८८३ पासून आहे. घोडे, बैल आणि गाड्या ओढणारी जनावरं यांच्यासाठी ते सुरू झालं. शेजारीच १८८६ चं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कासव नेताना ते ओल्या फडक्यात, हवा खेळती राहील अशा खोक्यात न्यावं, पाण्याने भरलेल्या पिशवीत नव्हे. डॉक्टर पहिला प्रश्न बहुधा टाकीतल्या पाण्याबद्दलच विचारतील : कुठलं घालता, किती दिवसांनी बदलता, ऊन मिळतं का. टाकीतलं थोडं पाणी स्वच्छ बाटलीत भरून बरोबर नेलं, तर अर्धं काम तिथेच होतं.